पार्किन्सन्स, अल्झायमर आणि तांदळातला खडा: प्रोटीनचे पुंजके एक-एक करून मोजल्याने काय बदलतंय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये पार्किन्सन्सबद्दलची एक बातमी जगभर फिरली. केंब्रिज विद्यापीठ, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट इथल्या शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसोबत मिळून मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या ऊतींमध्ये एका प्रोटीनचे अतिसूक्ष्म पुंजके थेट पाहिले. एक-दोन नाही, १२ लाखांहून जास्त. 'नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग' या जर्नलमध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

अशी बातमी फॅमिली ग्रुपवर पोहोचेपर्यंत तिचं 'पार्किन्सन्सचं कारण सापडलं!' व्हायला वेळ लागत नाही. कारण सापडलेलं नाही. औषधही सापडलेलं नाही. पण जे झालंय ते महत्त्वाचं आहे, कारण मेंदूच्या आजारांच्या संशोधनात गेली वीस वर्षं एक वाद चालू आहे आणि तो बराचसा एका साध्या प्रश्नावर अडलाय: ज्याच्यावर संशय आहे, ते कुणी धडपणे पाहिलंय का?

मोठा गोळा की छोटा पुंजका?

१९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या एका महिलेच्या मेंदूत साचलेल्या गोळ्यांचं वर्णन केलं. आज त्यांना प्लाक म्हणतात आणि ते अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रोटीनच्या तुकड्याचे असतात हे माहीत आहे. पार्किन्सन्समध्येही असंच काहीसं आहे. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांनी मेंदूच्या पेशींमध्ये काही गोळे पाहिले. त्यांना 'लेवी बॉडीज' नाव मिळालं आणि १९९७ मध्ये कळलं की त्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन भरलेलं असतं.

हे गोळे साध्या मायक्रोस्कोपमधून दिसतात. त्यामुळे साहजिकच आधी संशय त्यांच्यावर गेला.

पण हिशोब जुळेना. काही वृद्ध माणसांच्या मेंदूत भरपूर प्लाक असतात आणि तरी त्यांची स्मरणशक्ती शाबूत असते. मग हळूहळू दुसरी शक्यता पुढे आली. मोठा गोळा हा शेवटचा कचरा असावा आणि खरं नुकसान त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे दोन-चार ते काही डझन रेणू एकत्र येऊन बनलेले छोटे पुंजके करत असावेत. शास्त्रीय भाषेत त्यांना ऑलिगोमर म्हणतात.

अडचण अशी, की हे पुंजके काही नॅनोमीटर आकाराचे असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. शिवाय ते संख्येने कमी, सतत बनणारे आणि सतत तुटणारे. साध्या मायक्रोस्कोपमध्ये ते दिसणं शक्यच नाही.

मागे घेतलेला तो पेपर

२००६ मध्ये 'नेचर'मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाचा एक पेपर आला. त्यात दावा होता की अमायलॉइड-बीटाचा एक विशिष्ट छोटा पुंजका, बहुधा १२ रेणूंचा, स्मृती बिघडवतो. तो वेगळा काढून तरुण उंदरांना टोचल्यावर त्यांची स्मरणशक्ती घसरली असं लेखकांचं म्हणणं होतं. पुढे हा पेपर दोन हजारांहून जास्त वेळा उद्धृत झाला.

जुलै २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने व्हँडरबिल्ट विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ मॅथ्यू श्राग यांनी घेतलेल्या आक्षेपांची बातमी दिली. पेपरमधल्या काही चित्रांमध्ये फेरफार केल्याची चिन्हं त्यांना दिसली होती. जून २०२४ मध्ये 'नेचर'ने तो पेपर मागे घेतला. ज्येष्ठ लेखिकेने चित्रांत फेरफार झाल्याचं मान्य केलं, मात्र मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही अशी भूमिका घेतली.

या प्रकरणाची चर्चा झाली ती 'फसवणूक' या अंगाने. ते रास्तच आहे. पण त्यामागे एक कमी चर्चिलेली गोष्ट आहे, ती म्हणजे मोजण्याची पद्धत. मेंदूची ऊती वाटून तिचा अर्क काढायचा, तो जेलमधून पळवायचा, वेगवेगळ्या वजनाच्या प्रोटीनचे पट्टे दिसतात, त्या पट्ट्यांचे फोटो घ्यायचे. ही पद्धत चांगली आहे, जगभर रोज वापरली जाते. पण अमायलॉइडसारख्या नाजूक पुंजक्यांच्या बाबतीत तिचा एक दोष आहे. जेलसाठी जे डिटर्जंट वापरतात तेच काही पुंजके फोडू शकतं आणि काही नवे बनवूही शकतं. म्हणजे जेलवर दिसणारा पट्टा मेंदूत होता की जेलमध्ये तयार झाला, हे सांगणं अवघड.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. छोटे पुंजके घातक असतात ही कल्पना या एका पेपरवर उभी नव्हती. इतर अनेक प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या मार्गांनी तिला आधार दिला आहे. त्यामुळे 'अल्झायमरचं सगळं संशोधनच खोटं निघालं' ही पोस्ट दिसली तर ती पुढे पाठवू नका.

खडा वजनाने सापडत नाही

एक किलो तांदळात एक खडा आहे. तांदूळ तोलून तो सापडेल? नाही. तांदळाचा सरासरी रंग, सरासरी वजन, सरासरी काहीही मोजा, खड्याचा पत्ता लागणार नाही. भातात दाताखाली आला की मात्र लगेच कळतो. त्याआधी तो शोधायचा एकच मार्ग आहे: सुपात घेऊन तांदूळ निवडायचे.

जीवशास्त्रातली बहुतेक मोजमापं तोलण्यासारखी असतात. परीक्षानळीत अब्जावधी रेणू असतात आणि उपकरण त्या सगळ्यांची मिळून एक सरासरी देतं. सगळे रेणू सारखेच वागत असतील तर काही बिघडत नाही. पण हजारात एखादाच पुंजका घातक असेल तर सरासरी त्याला पोटात घेते. एकल-रेणू पद्धती म्हणजे तांदूळ निवडणं. फक्त इथला दाणा नॅनोमीटरचा आहे, त्यामुळे तो आधी चमकवावा लागतो.

नोटेवरचा आकडा आणि जेलीफिश

चमकवण्याचं तत्त्व तुमच्या खिशात आहे. बँकेत अतिनील दिव्याखाली नोट धरतात तेव्हा तिचा नंबर उजळून दिसतो, कागदात विखुरलेले तंतूही चमकतात. ती शाई अदृश्य अतिनील प्रकाश शोषते आणि थोड्या कमी ऊर्जेचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश परत देते. यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत प्रतिदीप्ती. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी फ्लुओराइट या खनिजावरून हे नाव दिलं. त्यांच्या प्रयोगांत क्विनाइनचं द्रावण होतं, त्यामुळेच टॉनिक वॉटरची बाटली अतिनील दिव्याखाली निळी दिसते.

कोणत्याही प्रोटीनला असा चमकणारा रेणू जोडला की त्याचा माग काढता येतो. पेशीने स्वतःच चमकतं प्रोटीन बनवावं अशीही सोय झाली, ती एका जेलीफिशमुळे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातलं हिरवं प्रोटीन शोधलं, मार्टिन चाल्फी यांनी ते दुसऱ्या जिवांत बनवून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी त्याचे वेगवेगळे रंग तयार केले. तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र लाखो चमकणारे रेणू पाहणं वेगळं आणि एक रेणू पाहणं वेगळं.

१९८९ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि लोथार काडोर यांनी पहिल्यांदा एका रेणूचा प्रकाशावरचा परिणाम टिपला, तोही अतिथंड स्फटिकात. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल ओरी यांनी एका रेणूने दिलेला प्रकाश पकडला. त्यानंतर काही वर्षांत ते नेहमीच्या तापमानालाही जमू लागलं.

खरं आव्हान प्रकाशाचं नाही, अंधाराचं आहे. दिवसा तारे असतातच, दिसत नाहीत एवढंच. तसंच रेणू चमकत असतो, पण आजूबाजूचं पाणी, काच आणि पेशीतले इतर पदार्थही थोडे थोडे उजळतात. यावरची एक युक्ती अशी: लेझर काचेवर इतका तिरपा सोडायचा की तो आतच परावर्तित होतो आणि काचेला चिकटून असलेला जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर उजळतो. वरचं सगळं अंधारात राहतं. पेशीपटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, नेमकं या थरात येतं.

मेंदूच्या ऊतीत तर हा त्रास आणखी मोठा, कारण वाढत्या वयाच्या मेंदूत आपोआप चमकणारे पदार्थ साचतात. २०२५ च्या पार्किन्सन्स अभ्यासात ही पार्श्वभूमीची चमक दाबणं हा कामाचा मोठा भाग होता. मथळ्यात तो कुठेच येत नाही.

आता एक ठिपका दिसला. तो एकच रेणू आहे की दहांचा पुंजका, हे कसं कळणार? इथे रंगद्रव्याचा दोषच कामाला येतो. सतत लेझर मारला की चमकणारा रेणू कधीतरी कायमचा विझतो. दहा दिव्यांची माळ डोळ्यांसमोर आहे आणि एकेक दिवा जातोय असं समजा. उजेड हळूहळू नाही, पायरी-पायरीने कमी होईल. पायऱ्या मोजल्या की दिवे मोजले. २००७ मध्ये माक्सिमिलियन उलब्रिख आणि एहुद इसाकॉफ यांनी याच रीतीने पेशीपटलातली प्रोटीन्स किती तुकड्यांची बनली आहेत हे मोजून दाखवलं. ही पद्धत इतकी सरळ आहे की ती कुणाला आधी का सुचली नाही असं वाटतं.

पेशीचं आवरण म्हणजे भिंत नाही

पुंजके मोजले, पण ते नुकसान कुठे करतात? बराच संशय पेशीपटलावर आहे.

शाळेत पेशीची आकृती काढताना बाहेर एक जाड रेघ मारतात. त्यामुळे ते आवरण भिंतीसारखं वाटतं. प्रत्यक्षात ते ४-५ नॅनोमीटर जाडीचं, तेलासारखं वाहतं पटल आहे. हे पहिल्यांदा नीट दाखवलं तेही फ्लुओरेसन्सनेच. १९७० मध्ये लॅरी फ्राय आणि मायकेल एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकांत मिसळवली. एकीच्या प्रोटीन्सना लाल, दुसरीच्या प्रोटीन्सना हिरवा रंग. सुरुवातीला अर्धी पेशी लाल, अर्धी हिरवी. ३७ अंश सेल्सिअसला ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे पसरले. भिंतीत बसवलेल्या विटा अशा फिरत नाहीत. दोन वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं आज पुस्तकात असलेलं 'वाहतं मोझॅक' हे प्रारूप मांडलं.

नंतर एकेका रेणूचा पाठलाग करता आला तेव्हा या चित्रातही सुधारणा करावी लागली. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने पाहिलं की पटलातले रेणू मोकाट फिरत नाहीत. ते थोडा वेळ एका छोट्या कप्प्यात घुटमळतात आणि मग पलीकडच्या कप्प्यात उडी मारतात, जणू खाली कुंपण घातलंय. सरासरी मोजताना एवढंच दिसत होतं की रेणू अपेक्षेपेक्षा हळू सरकतात. का हळू, ते एकेकाला पाहिल्यावर कळलं.

अल्झायमरशी या पटलाचा संबंध थेट आहे. अमायलॉइड-बीटा हा पटलात रुतलेल्या एका मोठ्या प्रोटीनचा कापलेला तुकडा आहे, आणि शेवटचा काप पटलाच्या आतच होतो. मग हेच तुकडे एकत्र येऊन पटलाला भोकं पाडतात का? पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. बारीकसं छिद्रही पेशीला महाग पडतं.

केंब्रिजमधल्या डेव्हिड क्लेनरमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग मांडला. स्निग्ध पदार्थांच्या हजारो सूक्ष्म पिशव्या काचेवर चिकटवल्या. प्रत्येकीत कॅल्शियम लागताच चमकणारं रंगद्रव्य, बाहेर कॅल्शियमचं पाणी. पिशवी धड असेल तर अंधार. त्यावर प्रोटीनचे पुंजके सोडायचे आणि कोणती पिशवी उजळते ते पाहायचं. २०१९ मध्ये याच गटाने दाखवलं की अमायलॉइडचे लहान पुंजके पटल पाझरायला लावण्यात जास्त तरबेज असतात, तर मोठे पुंजके मेंदूतल्या प्रतिकारपेशींना भडकवून दाह निर्माण करतात. म्हणजे गुन्हेगार एक नसावा, दोन असावेत आणि दोघांची पद्धत वेगळी.

मुंबईतही या प्रश्नावर काम झालं आहे. कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने अमायलॉइड-बीटा एकटा असताना आणि छोट्या पुंजक्यात असताना पटलाशी कसा वागतो याचा अभ्यास केला. पुंजका बनताना प्रोटीनची घडी बदलते आणि त्यानंतरच त्याला पटलाची ओढ लागते, असं त्यांना दिसलं. त्यासाठी वापरलेली एक पद्धत टोलनाक्यावर उभं राहून वाहनं ओळखण्यासारखी आहे. लेझरचा अतिसूक्ष्म ठिपका एका जागी ठेवायचा आणि त्यातून जाणाऱ्या रेणूंचा लुकलुकाट नोंदवायचा. लहान रेणू दुचाकीसारखा पटकन निसटतो, मोठा पुंजका ट्रकसारखा रेंगाळतो. ही कल्पना १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॅट वेब आणि सहकाऱ्यांनी मांडली होती. मैती यांनी भारतात येण्याआधी वेब यांच्याच प्रयोगशाळेत काम केलं होतं.

मग रुग्णांसाठी काय?

भारतात ६० वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. ज्या घरात आजोबांना नातवाचं नाव आठवेनासं झालंय, त्या घराला नॅनोमीटरशी देणंघेणं नसतं. प्रश्न एकच असतो, औषध आहे का?

लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात १८ गुणांच्या मापपट्टीवर तो ०.४५ गुणांचा फरक होता. मेंदूला सूज येण्याचा धोका आहे आणि अमेरिकेत वर्षाची किंमत २६,५०० डॉलर जाहीर झाली होती. हे औषध प्लाक बनण्याआधीच्या मध्यम आकाराच्या पुंजक्यांना पकडण्यासाठी घडवलेलं आहे. म्हणजे कोणत्या आकाराचा पुंजका धरायचा, हा वाद आता थेट रुग्णाच्या बिलापर्यंत पोहोचलाय. लहान पुंजका छिद्र पाडत असेल आणि मोठा दाह करत असेल, तर एकाच औषधाने दोन्ही थांबतील अशी अपेक्षा करणं कदाचित चूकच आहे. पुंजके आकारानुसार वेगळे मोजता आले तरच याची तपासणी होऊ शकते.

निदानात मात्र एकेक रेणू मोजण्याची कल्पना आधीच पोहोचली आहे. रक्तात मेंदूतून आलेली प्रोटीन्स अगदी नगण्य असतात. २०१० मध्ये डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, ज्यात रक्ताचा नमुना हजारो सूक्ष्म खळग्यांत वाटला जातो आणि किती खळगे चमकले ते मोजलं जातं. अल्झायमरशी निगडित प्रोटीन्स रक्तात शोधण्यासाठी ती संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पण अशा चाचण्या स्मृतीची तक्रार असलेल्या व्यक्तीसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने करायच्या आहेत. जाहिरात पाहून 'एकदा करून टाकू' म्हणण्याच्या नाहीत.

'रेणू बघून काय मिळणार' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९९० च्या दशकात हेच क्लेनरमन आणि चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमणियन केंब्रिजमध्ये डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम चमकत्या रेणूंच्या मदतीने पाहत होते. त्या निव्वळ कुतूहलाच्या कामातून जनुकीय क्रम झपाट्याने वाचण्याचं तंत्र निघालं आणि सोलेक्सा ही कंपनी उभी राहिली. कोविडच्या काळात डेल्टा आणि ओमिक्रॉन ओळखताना जगभर हेच तंत्र कामाला होतं.

आणि तो पार्किन्सन्सचा अभ्यास

१२ लाख पुंजके मोजल्यावर त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय निघालं? अल्फा-सिन्युक्लिनचे छोटे पुंजके पार्किन्सन्स नसलेल्या मेंदूतही होते. नुसतं 'आहेत की नाहीत' एवढंच पाहिलं असतं तर फरक दिसलाच नसता. पार्किन्सन्सच्या मेंदूत ते जास्त तेजस्वी, जास्त मोठे आणि संख्येने जास्त होते. शिवाय पुंजक्यांचा एक छोटा गट फक्त आजारी मेंदूतच आढळला. लेवी बॉडी बनण्याच्या कितीतरी आधीचा टप्पा तोच असू शकतो, असं संशोधकांना वाटतं.

असू शकतो. कारण हे मेंदू मृत्यूनंतरचे आहेत. एका क्षणाचा फोटो पाहून आधी काय घडलं आणि मग काय, हे सांगता येत नाही. शिवाय पुंजक्याला चमकवण्यासाठी जे प्रतिपिंड चिकटवतात ते ज्या रूपाला चिकटतं तेच दिसतं, बाकीची रूपं अंधारातच राहतात. काचेवरच्या स्निग्ध पिशवीत आणि जिवंत चेतापेशीत फरक आहे तो वेगळाच.

हाच प्रयोग जिवंत माणसावर करणं सध्या शक्य नाही. कवटीतून आणि काही सेंटीमीटर जाड मेंदूतून एका पुंजक्याचा क्षीण प्रकाश बाहेर येत नाही. त्यामुळे पुढचं काम दोन दिशांनी चालू आहे: हेच पुंजके रक्तात किंवा पाठीच्या कण्यातल्या द्रवात पकडता येतात का ते पाहणं, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमध्ये, आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ते मोजून नकाशा तयार करणं. त्यासाठी मेंदू दान करणारी माणसं लागतात, आजारी तशीच निरोगीही.